बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर: नवागतांसाठी पायरीपायरीने

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा आठवडाभराच्या सहलीसाठी बार्सेलोनाला आलेला मराठी माणूस पहिल्याच शनिवारी बार्सेलोनेताच्या किनाऱ्यावर जातो, आणि तोही ऐन दुपारी. तिथे टॉवेलाला टॉवेल भिडलेला असतो, थंड पेये विकणारे अंगावरून ये-जा करत असतात, वाळू तळपायांना चटके देत असते आणि तासाभरात तो ‘यापेक्षा आपले गुहागर बरे’ असा निकाल देऊन परततो. गुहागर बरे आहे यात वाद नाही; परंतु बार्सेलोनाच्या किनाऱ्याची तुलना कोकणातल्या पुळणीशी करणे हीच मुळात गल्लत आहे. हा किनारा शहराने आखून, वाळू आणून टाकून, नळ-दिवे बसवून चालवलेली नागरी सोय आहे, आणि सार्वजनिक बागेप्रमाणे ती वापरण्याची एक रीत आहे. आधी वेळ ठरवावी, मग किनारा निवडावा आणि पिशवी सर्वांत शेवटी भरावी, ही ती रीत. नवखे लोक नेमके याच्या उलट क्रमाने जातात.

आधी समुद्र ओळखून घ्यावा

अरबी समुद्राची सवय असलेल्याला भूमध्य समुद्रात पहिल्यांदा जाणवते ते भरती-ओहोटीचे जवळजवळ नसणे. मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. बार्सेलोनात हा फरक जेमतेम वीतभर असतो, कारण हा समुद्र अटलांटिक महासागराशी जोडला गेला आहे तो केवळ सुमारे १४ किलोमीटर रुंदीच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने, आणि महासागराची भरती त्या चिंचोळ्या वाटेने आत येऊन पसरू शकत नाही. त्यामुळे भरतीचे कोष्टक पाहून घराबाहेर पडण्याची गरज नाही. मात्र यावरून समुद्र निरुपद्रवी आहे असा अर्थ काढू नये. पूर्वेचा वारा सुटला की लाटा एकदम उंच होतात, पाणी गढूळते आणि किनाऱ्यावरची वाळू वाहून जाते; जानेवारी २०२० मधल्या ‘ग्लोरिया’ वादळाने या संपूर्ण किनारपट्टीची कशी दैना केली ते इथले लोक अजून सांगतात.

दुसरी गोष्ट दिशेची. कोकणात, गोव्यात सूर्य समुद्रात मावळतो. इथे तो समुद्रातून उगवतो आणि शहरामागच्या डोंगरांकडे मावळतो. सूर्यास्त पाहण्यासाठी म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर गेलेल्यांना पाठीमागे वळून इमारती पाहाव्या लागतात. पहाटे उठण्याची तयारी असेल तर मात्र जूनमध्ये सव्वासहाच्या सुमारास पाण्यातून वर येणारे बिंब इथल्या कोणत्याही किनाऱ्यावरून स्वच्छ दिसते.

पाणी आपल्याकडच्यापेक्षा खारट आहे, त्यामुळे अंग थोडे अधिक सहज तरंगते. पण ते थंड आहे, आणि नवख्याचा अंदाज इथेच चुकतो. फेब्रुवारीत पाण्याचे तापमान १३ अंशांच्या आसपास असते, जूनमध्ये २० ते २२ आणि ऑगस्टमध्ये २५-२६ अंश. मे महिन्यात हवा छान उबदार असते म्हणून धावत जाऊन उडी मारणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो. आपल्याला कोमट समुद्राची सवय असल्यामुळे पोहण्यासाठी जून अखेर ते सप्टेंबर अखेर हाच काळ धरावा. माझ्या मते त्यातही सप्टेंबरला तोड नाही: पाण्याने उन्हाळाभराची ऊब धरून ठेवलेली असते आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. त्या महिन्यात मध्येच एखादी जोरदार सर येते, तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

वेळ कशी ठरवावी

स्पेनचे घड्याळ सूर्याच्या बरेच पुढे चालते. उन्हाळ्यात बार्सेलोनात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर दुपारी दोनला दहा मिनिटे कमी असताना. म्हणजे ‘अकरा ते तीन ऊन टाळावे’ हा आपला घरचा नियम इथे बारा ते पाच असा वाचावा लागतो. ‘आपण सावळे, आपल्याला ऊन लागत नाही’ हा समजही घरी ठेवून यावा. कातडी सोलवटायला एक दुपार पुरते, आणि समुद्रावरून येणाऱ्या झुळुकीमुळे भाजत असताना ते कळतही नाही. ऊनरोधक मलम घरातून निघतानाच लावावे आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

स्थानिक लोकांचा दिवस पाहिला तर वेळेचे गणित आपोआप उलगडते. सकाळी नऊच्या आत सांत सेबास्तियाच्या किनाऱ्यावर गेल्यास त्या वस्तीतल्या आजीआजोबांचा अड्डा दिसतो: घडीच्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, एका खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल, कोणी डोमिनोच्या सोंगट्या लावत आहे, कोणी टोपी डोक्यावर तशीच ठेवून गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून शेजारणीशी गप्पा मारत आहे. साडेअकरापर्यंत ही मंडळी सामान आवरून घरी गेलेली असतात. ज्या वेळी ती निघतात, त्याच वेळी पर्यटकांचे लोंढे येतात. दुपारी दोन ते चार ही जेवणाची वेळ. आणि सहानंतर, कामावरून सुटलेली माणसे पुन्हा वाळूवर येतात, कारण जून-जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा नवख्याने सकाळी आठ ते अकरा किंवा संध्याकाळी सहा ते नऊ यांपैकी एक वेळ निवडावी. लहान मुले बरोबर असतील तर सकाळच उत्तम.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. जीवरक्षक उन्हाळी हंगामात दिवसभर असतात, परंतु सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा ते नसतात, आणि त्यांच्याबरोबर झेंडेही नसतात. ज्यांना पोहणे नीट येत नाही त्यांनी या वेळांत कमरेएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नये आणि एकट्याने मुळीच उतरू नये.

किनारा कोणता

शहराच्या हद्दीत साडेचार किलोमीटरच्या आसपास लांबीची किनारपट्टी आहे आणि तिचे नऊ किनारे पाडलेले आहेत. दक्षिणेकडून, म्हणजे शिडाच्या आकाराच्या उंच हॉटेलापासून, निघाल्यास क्रम असा: सांत सेबास्तिया, सांत मिकेल, बार्सेलोनेता, सोमोरोस्त्रो, मग ऑलिंपिक बंदर, आणि त्यापलीकडे नोव्हा इकारिया, बोगातेल, मार बेला, नोव्हा मार बेला व येवांत. नकाशावर हे सारखेच दिसतात, प्रत्यक्षात प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

बंदराच्या अलीकडचे चार किनारे जुन्या शहराला लागून असल्यामुळे सर्वांत गर्दीचे. बार्सेलोनेता ही वस्ती १७५३ मध्ये लष्करी अभियंत्याने पट्टीने रेघा ओढाव्यात तशी आखली. १७१४ मध्ये स्पेनच्या राजाच्या सैन्यापुढे शहराचा पराभव झाल्यानंतर किल्ला बांधण्यासाठी ज्यांची घरे पाडली गेली त्या रिबेरा भागातल्या कोळ्यांची व दर्यावर्दी कुटुंबांची सोय लावण्यासाठी ती उभी राहिली. अरुंद गल्ल्या, छोटी घरे, गॅलरीत वाळणारे कपडे हे सर्व आजही आहे. फक्त भाडी पर्यटकांच्या खिशाच्या मापाने ठरू लागल्याने मूळ रहिवाशांची कुचंबणा होते, आणि रात्री उशिरा गल्लीतून गोंगाट करत जाणाऱ्यांवर ते रागावतात तेव्हा तो राग रास्त असतो. वाळूवर एकावर एक तिरके रचल्यासारखे चार गंजलेले घनाकार खोके दिसतात, ते रेबेका हॉर्न या जर्मन शिल्पकर्तीचे १९९२ मधले शिल्प आहे. किनाऱ्याच्या नव्या आखणीत जी जुनी खानावळींची खोपटी पाडली गेली त्यांची ती आठवण आहे. त्याच्या पुढचा सोमोरोस्त्रो हा एकेकाळी झोपडपट्टीचा किनारा होता. फ्लामेंको नर्तकी कार्मेन आमाया हिचा जन्म तिथलाच, आणि १९६६ मध्ये ती वस्ती हटवण्यात आली.

ऑलिंपिक बंदराच्या पलीकडची कथा अगदी वेगळी. १९९२ च्या ऑलिंपिकपूर्वी तिथल्या पोब्लेनोऊ या भागाचा समुद्र शहराला जवळजवळ दिसतच नव्हता. मध्ये रेल्वेचे रूळ, कारखाने आणि सांडपाणी होते. खेळांच्या निमित्ताने ते सर्व हलवले गेले, वाळू टाकली गेली आणि दगडी बांध घालून ती अडवली गेली. वास्तुकार फ्रँक गेरी यांनी घडवलेला प्रचंड सोनेरी मासा आणि १५४ मीटर उंचीचे दोन जुळे मनोरे त्याच काळातले आहेत. दिशा ओळखण्यासाठी या तिन्हींचा फार उपयोग होतो: मासा ओलांडून उत्तरेला चालू लागले की गर्दी निम्म्याने कमी होते.

नवख्या कुटुंबासाठी मी निःसंकोचपणे नोव्हा इकारिया सुचवीन. बंदराच्या भिंतीमुळे पाणी तुलनेने शांत असते, खेळण्यांची व व्हॉलीबॉलची सोय आहे, आणि मुख्य म्हणजे ज्यांना चालता येत नाही किंवा गुडघे धरलेले आहेत त्यांच्यासाठी उन्हाळ्यात इथे साहाय्यक असतात. लाकडी वाटेने वाळू पार करून, पाण्यात तरंगणाऱ्या खुर्चीत बसवून ते समुद्रात नेऊन आणतात. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना ही सोय आहे हे सांगितले तर ते आधी नको म्हणतात आणि एकदा पाण्यात गेले की बाहेर यायला तयार होत नाहीत. बोगातेल रुंद व निवांत आहे, तिथे वाचत पडणारे, व्यायाम करणारे आणि लांब पोहणारे लोक येतात. मार बेलाच्या एका भागात विवस्त्र वावरण्यास मुभा आहे, आणि सांत सेबास्तियाच्या टोकाकडेही तशी माणसे दिसतात. आईवडिलांना घेऊन चालताना अचानक अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून हे आधी माहीत असावे. कोणत्याच किनाऱ्यावर स्त्रियांनी वरचे वस्त्र न घालणे इथे विशेष मानले जात नाही. टक लावून पाहणे किंवा त्या दिशेने मोबाइल रोखणे मात्र फार मोठा असभ्यपणा समजला जातो, आणि कुटुंबाचे छायाचित्र काढतानाही मागे कोण आहे ते पाहून घ्यावे.

जाणे-येणे

पिवळी मेट्रो, म्हणजे चौथी मार्गिका, किनाऱ्याला समांतर धावते. बार्सेलोनेतासाठी त्याच नावाचे स्थानक, सोमोरोस्त्रो आणि नोव्हा इकारियासाठी सिउतादेया–व्हिला ओलिंपिका, बोगातेलसाठी बोगातेल किंवा याकुना, मार बेलासाठी पोब्लेनोऊ, आणि येवांतसाठी एल मारेस्मे–फोरुम. सगळीकडे स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. एकट्याने राहणाऱ्याला दहा प्रवासांचे ‘टी-कॅज्युअल’ तिकीट सोयीचे आहे; त्यावर ७५ मिनिटांच्या आत मेट्रोतून बसमध्ये किंवा उपनगरी गाडीत बदल करता येतो, पण ते एकाच माणसाने वापरायचे असते. दोघे-तिघे असाल तर आठ प्रवासांचे ‘टी-फामिलियार’ घ्यावे, ते सर्वांना मिळून चालते. टी-कॅज्युअल विमानतळावरच्या मेट्रो स्थानकांत चालत नाही, ही गोष्ट अनेकांना फाटकासमोर उभे राहिल्यावर कळते.

लाल-पांढऱ्या ‘बिसिंग’ सायकली रस्तोरस्ती दिसल्या तरी त्या केवळ रहिवाशांसाठी आहेत. विद्यार्थी व नोकरदार यांनी परदेशी नागरिकाचा ओळख क्रमांक हाती येताच त्यांची वार्षिक नोंदणी करून टाकावी, कारण किनाऱ्यालगतचा सायकलमार्ग हा या शहराच्या उत्तम सुखांपैकी एक आहे. पर्यटकांना सायकली दुकानांतून भाड्याने मिळतात.

पिशवी, पोशाख आणि चोरी

पिशवी भरण्याचा पहिला नियम असा की जे हरवले तर रात्रीची झोप उडेल ते बरोबर नेऊच नये. पारपत्र घरी किंवा हॉटेलच्या तिजोरीत ठेवून त्याची छायाप्रत व मोबाइलमध्ये प्रत ठेवावी. एक बँक कार्ड, थोडी रोकड, तिकीट आणि किल्ली एवढे पुरे. बार्सेलोनात अंगावर हात टाकून लुटण्याचे प्रकार तुलनेने कमी, पण हातचलाखी अव्वल दर्जाची. किनाऱ्यावर ती कशी चालते ते नीट समजून घ्यावे. एक माणूस समोरून येतो, पेटवण्यासाठी काडी मागतो किंवा हातातला नकाशा दाखवून काही विचारतो. तुम्ही मान वर करून उत्तर देता तेवढ्यात डोक्यामागे ठेवलेली पिशवी दुसऱ्याने उचललेली असते आणि तो धावतही नाही, शांतपणे चालत जातो. दुसरी पद्धत त्याहून सोपी: दोघेही एकदम पाण्यात गेलेले दिसले की सामानाशेजारी टॉवेल पसरून बसायचे आणि निघताना दोन्ही उचलायचे. यावर उपाय साधे आहेत. पिशवीचा पट्टा स्वतःच्या दंडात किंवा पायात अडकवावा, पाण्यात पाळीपाळीने उतरावे, आणि एकटे असाल तर गळ्यात अडकवायची जलरोधक पिशवी घेऊन त्यात मोबाइल व किल्ली ठेवून पोहावे. शेजारच्या कुटुंबाला ‘जरा लक्ष ठेवाल का’ असे विचारण्याची इथे पद्धत आहे आणि लोक ते मनापासून करतात.

तरीही चोरी झालीच तर कार्ड ताबडतोब बंद करावे आणि ‘मोसोस’ या कातालोनिया प्रांताच्या पोलिसांच्या ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी, कारण विमा कंपनी आणि नवे पारपत्र या दोन्हींसाठी तो कागद लागतो. नव्या पारपत्राची ही दगदग टाळावी, म्हणूनच जुने घरी ठेवण्याचा आग्रह. आणीबाणीचा क्रमांक ११२.

पोशाखाविषयी आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या मनात, धाकधूक असते. पाण्यात काय घालावे यावर किनाऱ्यावर कोणी हटकत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि लेगिंग घालून पोहणाऱ्या स्त्रिया सर्रास दिसतात, आणि उन्हापासून बचाव म्हणून ते शहाणपणाचेही आहे. सुती सलवार-कुडता किंवा जीन्स मात्र घालू नये: भिजलेले सूत जड होते, पायात गुंतते आणि लाटेत तोल जातो. याउलट, पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने शहराच्या रस्त्यांवर फिरण्यास २०११ पासून दंड आहे, तेव्हा निघताना अंगावर काहीतरी चढवावे.

छत्री, टोपी, रबरी चपला, सुका खाऊ आणि भरपूर पाणी घ्यावे. नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे, चव मात्र मचूळ. पाण्याची एक जादा बाटली पाय धुण्यासाठी असावी, कारण २०२४ च्या दुष्काळातल्या आणीबाणीच्या काळात पालिकेने किनाऱ्यावरचे फवारे बंद ठेवले होते आणि पावसाने दगा दिला की अशा सोयींवर प्रथम गदा येते.

पाण्यात उतरताना

किनाऱ्यावर पोहोचल्यावर आधी झेंडा शोधावा. हिरवा असेल तर पोहावे, पिवळा असेल तर सावधपणे कडेकडेने, आणि लाल असेल तर उतरूच नये. समुद्र आरशासारखा शांत असताना लाल झेंडा दिसला की लोक गोंधळतात. त्याचे कारण बहुधा पाण्याची गुणवत्ता असते: जोरदार पावसात शहराच्या गटारांत पावसाचे आणि सांडपाण्याचे मिश्रण मावेनासे होते आणि त्यातले काही समुद्रात जाते. म्हणून मोठी सर येऊन गेल्यावर, झेंडा असो वा नसो, दोन दिवस पोहणे टाळावे. सप्टेंबरातल्या त्या सरीविषयीची सूचना हीच.

वाळूचा उतार सर्वत्र सारखा नाही. काही ठिकाणी चार पावलांवर पाणी गुडघ्यावरून छातीवर येते. मुलांना मोकळे सोडण्यापूर्वी मोठ्याने स्वतः आत जाऊन तळ चाचपून पाहावा. दगडी बांधांच्या जवळ पोहू नये, लाटा असताना तिथेच ओढ निर्माण होते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हावे आणि मग आत यावे. किनाऱ्यापासून सुमारे २०० मीटरवर पिवळे बोये तरंगत असतात. त्यांच्या आतला भाग पोहणाऱ्यांचा, बाहेरचा होड्यांचा.

उन्हाळ्यात कधीकधी जेलीफिश येतात आणि त्यांचे चित्र असलेला झेंडा लागतो. जांभळट रंगाची, ठिपक्यांची छोटी जात सर्वांत झोंबरी. डंख बसल्यास तो भाग समुद्राच्याच पाण्याने धुवावा, गोड्या पाण्याने नव्हे, कारण त्याने त्वचेवर उरलेल्या डंखपेशी फुटून आणखी विष सोडतात. चोळू नये, वाळू लावू नये, चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढावेत आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. जीवरक्षकांच्या ठाण्यावर प्रथमोपचार मोफत मिळतात, तिथे जाण्यास संकोच करू नये.

नियम

जुलै २०२२ पासून शहराच्या सर्व किनाऱ्यांवर धूम्रपानाला बंदी असून दंड ३० युरो आहे. हंगामात कुत्रे आणू देत नाहीत, येवांतवरचा राखीव भाग सोडून. नळाखाली साबण-शाम्पू लावणे, वाळूवर रात्र काढणे, मोठ्याने गाणी लावणे हे सर्व निषिद्ध. फिरत्या विक्रेत्यांकडून पेय घेणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्यांच्याकडचे पुदिन्याचे पेय कुठे आणि कोणत्या हातांनी ढवळले जाते हे एकदा ठाऊक झाले की घशाखाली उतरत नाही. त्यांच्याशी हुज्जत घालू नये. ‘नो, ग्रासियास’ एवढे म्हणून नजर वळवावी. ती माणसे बहुतेक दूर देशांतून आलेली आणि पोटासाठी उन्हात राबणारी असतात.

किनाऱ्यावरचे खाणे

वाळूवरच्या परवानाधारक टपऱ्यांना ‘शिरिंगितो’ म्हणतात. तिथे बसण्याची जागा छान, खाणे साधारण आणि भाव चढे. एखादे थंड पेय घेऊन तासभर समुद्र पाहत बसण्यासाठी त्या ठीक आहेत. पोटभर जेवायचे असेल तर दोन गल्ल्या आत जावे. जिथे दारावर पाएल्या या स्पॅनिश भाताच्या रंगीत छायाचित्रांचा फलक आहे तिथे शक्यतो जाऊ नये. खरा पाएल्या मागणीनंतर शिजतो, त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तो दुपारी खातात आणि बहुधा किमान दोघांसाठीच देतात. फलकावरचा भाव दर माणशी असतो हेही लक्षात ठेवावे. ताज्या मासळीपुढे भावाऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिलेले असेल तर आधी वजन आणि किंमत विचारावी, त्यात कमीपणा नाही. मासे खाणाऱ्यांनी शेवयांची फिदेउआ आणि माकुळाच्या शाईत शिजवलेला काळा भात जरूर खाऊन पाहावा. बार्सेलोनेतातील ‘ला कोव्हा फुमादा’ या पाटी नसलेल्या जुन्या खानावळीत ‘बोंबा’ जन्मला: बाहेरून आपल्या बटाटेवड्याचा भाऊ, पण आत खिमा, आणि वर लसणीचे व तिखट असे दोन रस.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फसगत मात्र होते. ‘भाजीचे’ म्हणून आलेल्या सँडविचमध्ये ट्यूना निघतो, कोशिंबिरीवर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात, आणि वाढपी निरागसपणे म्हणतो की हे मांस थोडेच आहे. म्हणून नुसते शाकाहारी आहे असे न सांगता ‘सिन कार्ने, नि हामोन, नि आतून’, म्हणजे मांस नको, हॅमही नको, ट्यूनाही नको, असे पदार्थांची नावे घेऊन सांगावे. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा, तिखट रसातले बटाटे, टोमॅटोचे गारेगार सार गास्पाचो, आणि अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड धिरडे यांत जेवण निभते. उन्हातून आल्यावर ओर्चाता प्यावे. चुफा नावाच्या कंदापासून काढलेले ते दुधासारखे गोड पेय आहे आणि त्यात दूध नसते. रात्रीच्या जेवणासाठी बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघरे उशिरा सुरू होतात, तेव्हा मुलांसाठी काही जवळ ठेवावे.

शहराबाहेर, अर्ध्या-पाऊण तासावर

इथले जाणते लोक ऑगस्टमधल्या रविवारी शहराच्या किनाऱ्याला हात जोडतात आणि उपनगरी गाडी पकडतात. प्लासा कातालुन्याहून उत्तरेला जाणारी आर-१ गाडी सुटली की थोड्या वेळाने खिडकीला समुद्र जवळजवळ चिकटतो, कारण हा बार्सेलोना ते मातारो मार्ग १८४८ मध्ये, मुंबई–ठाणे गाडीच्या पाच वर्षे आधी, थेट वाळूच्या कडेने टाकला गेला. मोन्गात आणि मास्नोऊ गावातले ओकाता ही स्थानके अशी आहेत की गाडीतून उतरून रुळांखालच्या बोगद्यातून गेले की पायाखाली वाळूच येते. ओकाताची वाळू जाड आणि सोनेरी आहे, ती अंगाला चिकटत नाही, आणि पाणी शहरापेक्षा स्वच्छ दिसते. मात्र ते लवकर खोल होते. दक्षिणेला आर-२ मार्गावर कास्तेल्देफेल्सचा लांब-रुंद, उथळ किनारा आहे, जिथे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांची काळजी अर्धी होते; उतरण्यासाठी गावाचे नव्हे, ‘प्लाज्जा’ म्हणजे किनाऱ्याचे स्थानक पाहावे. त्याहून पुढचे सिचेस हे पांढऱ्या घरांचे देखणे गाव आहे, तिथे किनाऱ्याइतकाच वेळ गल्ल्यांत जातो.

मोन्गात, बादालोना आणि कास्तेल्देफेल्स महानगर क्षेत्रात येत असल्याने शहराचे एक-क्षेत्री तिकीट तिथे चालते. ओकाता आणि सिचेस त्याबाहेर आहेत, त्यांचे वेगळे तिकीट काढावे, अन्यथा उतरताना फाटक उघडत नाही आणि तपासनीस समोरच असतो. रविवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत परतीच्या गाड्यांत आपल्या लोकलची आठवण यावी अशी दाटी होते. सहाच्या आत निघावे किंवा मग जेवूनच निघावे, पण शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर उतरल्याबरोबर पाहून ठेवावी.

एक रात्र आणि हिवाळा

२३ जूनच्या रात्री सांत जोआनचा सण असतो. संपूर्ण शहर वाळूवर उतरते, पहाटेपर्यंत फटाके फुटतात, घरोघरी साखरेत मुरवलेल्या फळांचा चपटा ‘कोका’ पाव कापला जातो. दिवाळीतल्या फटाक्यांची सवय असलेल्यालाही तो आवाज दणदणीत वाटतो. जायचे असेल तर सुती कपडे घालावेत, चपलांऐवजी बूट घालावेत कारण वाळूत काचा असतात, आणि मौल्यवान काहीच नेऊ नये. लहान मुले व वयस्कर मंडळी असतील तर नोव्हा इकारियाच्या वरच्या पदपथावरून दोन तास पाहून मध्यरात्रीपूर्वी परतावे. २४ तारखेला सकाळी पोलीस आणि सफाई कामगार किनारा रिकामा करतात, त्या दिवशी दुपारपर्यंत पोहण्याचा विचार सोडून द्यावा.

नोव्हेंबर ते मार्च या काळात पाण्यात उतरण्याचे कारण नाही, परंतु जे इथे राहतात त्यांनी किनारा तेव्हाही सोडू नये. ऊन कोवळे असते, बार्सेलोनेतासमोर लाटांवर फळ्या घेऊन स्वार होणारी मुले जाड रबरी पोशाखांत दिसतात, आणि सांत सेबास्तियाच्या मनोऱ्यावरून १९३१ मध्ये सुरू झालेल्या, तारेवरून जाणाऱ्या पाळण्यात बसून बंदरावरून मोंजुईकच्या टेकडीकडे जाता येते; वारा जोराचा असला की तो बंद ठेवतात, म्हणून तिकिटाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी वर पाहून पाळणे हलत आहेत की नाही याची खात्री करावी. २५ डिसेंबरला सकाळी जुन्या बंदरात २०० मीटर पोहण्याची शर्यत होते, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली आहे. धक्क्यावर उभे राहून ती फुकट पाहता येते. स्वेटर आणि कानटोपी न्यावी, कारण पोहणारे अर्ध्या तासात आटोपून उबेला जातात आणि गारठतो तो पाहणारा.